प्रश्नावली कोणी ठरवायची?
बालगृहात वाढलेल्या तरुणांवरच्या संशोधनात त्यांनाच संशोधक म्हणून घेतल्यास निष्कर्ष पक्षपाती होतील, अशी शंका घेतली जाते; ती मला अर्धीच पटते; पूर्वग्रह बाहेरून आलेल्या संशोधकाचेही असतात, फक्त ते कोणी तपासत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अनुरक्षणासाठी, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधारासाठी, १८ ते २१ हा वयोगट धरलेला असल्याने अशा तरुणांच्या आमच्या पाहणीची प्रश्नावलीही अनुरक्षण गृह मिळाले का, प्रशिक्षण झाले का, एवढ्यावरच थांबली होती. स्वतः बालगृहातून बाहेर पडलेल्या एका सहकारी मुलीने, जिला इतरांइतकेच मानधन होते, तीत एक प्रश्न घालायला लावला: अर्जावर ‘कायमचा पत्ता’ म्हणून तुम्ही काय लिहिता? सर्वांत लांब उत्तरे त्याच प्रश्नाला आली, आणि तो आम्हा कोणालाच सुचला नव्हता.