गोवा दारू, एलईडी बोटी आणि आपण: माणूस कायदा मोडतो तरी का?

कुडाळकर
आमच्या बाजूच्या वाडीतला एक पोरगा गोवा बनावटीची दारू आणताना गोव्याच्या हद्दीजवळ बांद्याच्या पुढे सापडला. डिप्लोमा झालेला, घरचं ठीकठाक, वडील रिटायर्ड. गाडी जप्त, पेपरात नाव. पण मला त्रास झाला तो नंतर वाडीत जे ऐकलं त्याचा. त्याने असं का केलं हे एकानेही विचारलं नाही, सगळे म्हणतायत बिचाऱ्याचं नशीब फुटकं, कोणीतरी टीप दिली असणार. म्हणजे चूक कोणाची, तर टीप देणाऱ्याची!

गरिबीने गुन्हे होतात असं आपण सवयीने बोलतो, मला ते पटत नाही. सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, त्याआधीपासून अख्खा रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या मनीऑर्डरवर जगायचा. जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातले कितीतरी गावी परत आले, पेज पिऊन दिवस काढले पण दरोडे घालत सुटले नाहीत. आणि आज कायदा कोण मोडतंय बघा. एलईडीच्या उजेडाने मासळी गोळा करून मारायला बंदी आहे, पण तशी बोट गरिबाची नसते, जनरेटर, लाईट, पर्ससीनचं म्हणजे अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं, पंचवीस-तीस खलाशी हे उभं करायला लाखो रुपये लागतात. खाडीतली वाळू रात्री काढणाऱ्याचा डंपर झोपडीसमोर उभा नसतो.

फायदा मोठा दिसतो, पकडलं जायची भीती नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, आजूबाजूचे लोक त्याला गुन्हाच मानत नाहीत. घरफोडी करणाऱ्याला आपण उंबऱ्याच्या आत घेणार नाही, पण दारूची ट्रिप मारणाऱ्याला मंडळाच्या वर्गणीसाठी पहिला फोन जातो.

लालबागची सून
दादा संपाचं उदाहरण अर्धंच दिलंत. माझं माहेर मालवण, सासर लालबाग, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकलंय. जे गावी परतले त्यांना डोक्यावर छप्पर होतं, चार कुणगे भात होता, भावकी होती. जे चाळीत राहिले त्यांची पोरं शाळेतून निघाली, नाक्यावर बसायला लागली आणि त्याच वर्षांत गिरणगावात टोळ्या फोफावल्या, भरती याच पोरांमधून झाली. आमच्या चाळीत एकाच घरातले दोन भाऊ, मोठा आजोळी गेला तो पुढे मास्तर झाला, धाकटा इथेच राहिला आणि त्याचं काय झालं ते घरात आजही कोणी बोलत नाही. संस्कार तेच, रक्त तेच. मग फरक कशाने पडला?

मर्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ सालीच मांडलंय की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो पण तिथे जायचा सरळ रस्ता मोजक्यांनाच देतो, मग उरलेल्यांतले काही आडवाटेने जातात. नुसती गरिबी नव्हे, आशा दाखवून रस्ता बंद करणं हे कारण आहे. तुमच्या त्या पोराला नोकरी होती का ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

कुडाळकर
ताई, कंत्राटावर होता, ती नोकरी सुटली. पण त्याच्याच बॅचची पोरं रोज पहाटे बाईक काढून गोव्यात कंपनीत जातात, पावसात भिजत जातात, पगार फार नाही. ती नाही करत ट्रिपा. रस्ता बंद असेल तर सगळ्यांनाच बंद आहे ना.

कोर्टकचेरी
मी याच जिल्ह्यात वकिली करते, दारूबंदीच्या केसेस रोजच्या आहेत म्हणून लिहिते. दोघांचंही थोडं थोडं पटतं पण एक गोष्ट तुम्ही दोघेही सोडताय. पकडला जातो तो ड्रायव्हर. माल कोणी भरला, कोणी उतरवून घेणार होता, तिथपर्यंत तपास क्वचित जातो. पोरगा तोंड उघडत नाही कारण जामिनाला माणूस तिकडूनच येतो. मग केस वर्षानुवर्षं चालते, पंच साक्षीला आले की म्हणतात आमच्यासमोर काही जप्त झालं नाही, पोलिसांनी सही घेतली. पोरगा सुटतो, आणि तोपर्यंत चार जणांना हा धंदा शिकवून मोकळा झालेला असतो. सदरलँड नावाच्या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाचं म्हणणं हेच होतं, गुन्हा संगतीत शिकला जातो, हिशोब पण आणि "यात काय वाईट" ही समजूत पण.

बेकारिया नावाच्या इटालियन माणसाने १७६४ मध्ये लिहून ठेवलंय की शिक्षा किती कडक यापेक्षा ती होणारच याची खात्री किती, यावर गुन्हा थांबतो. आपल्याकडे उलटं आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत. ज्याला जामीनदार मिळत नाही तो निकालाआधीच शिक्षा भोगतो आणि ज्याच्यामागे मालवाला उभा आहे त्याला निकालानंतरही काही होत नाही. गरिबीचा संबंध मला इथे जास्त दिसतो.

मिरकरवाडा
एलईडीवाल्यांवर लिहिलंय म्हणून उत्तर देतोय. माझी पर्ससीन आहे, लाईट लावत नाही, पण लावणारे ओळखीचे आहेत आणि ते चोर नाहीत. ते काय हौस म्हणान करतत? सरकारच्या २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर चारच महिने दिले, त्यात वादळ आलं की पंधरा दिवस बोट बंदरात, कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने, खलाशांना आगाऊ दिलेले पैसे वेगळे, बर्फ डिझेल वेगळं. आणि आम्ही जाळं गुंडाळून बसलो की कर्नाटकातल्या मलपी बंदराचे ट्रॉलर डोळ्यासमोर घुसून मासळी उचलून नेतात, त्यांना कोण अडवतो? कायदा पाळणारा मूर्ख ठरत असेल तर किती दिवस पाळायचा? राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती करून एलईडीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड केला, म्हणून लाईट बंद झाले का? नाही झाले. दंड कागदावर आणि गस्ती नौका धक्क्यावर.

रापणकर आचरा
भाऊ तुमचा हप्ता तुम्ही सांगितलात, आता आमचं ऐका. आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. पन्नास-साठ माणसं दोरी ओढायची, बायका-पोरं टोपल्या घेऊन उभी, ज्याचा जेवढा वाटा तेवढी मासळी. आता काळोखाच्या रात्री बाहेर बघितलं तर समुद्रात शहर वसल्यासारखे लाईट दिसतात, बांगडा-तारली सगळी तिकडे गोळा होते, बारीक पिल्लासकट. सकाळी रापण ओढली तर कचरा आणि जेलीफिश. आम्हाला पण कर्ज आहे, आमच्या पण पोरांच्या फिया आहेत, आणि आम्ही काही कोणाचं चोरायला गेलो नाही. गरज हे कारण असतं तर पहिला गुन्हा आम्ही केला असता. तुमच्याकडे बोट आहे म्हणून तुम्हाला मोडता येतो कायदा, एवढाच फरक आहे.

मिरकरवाडा
मी एलईडी करत नाही हे वर लिहिलंय. एवढंच सांगतोय की नियम सगळ्यांना सारखा लागत नसेल तर माणसाच्या मनातून त्याचा मान जातो.

श्रीवर्धनचा
एक वेगळा मुद्दा. काही गुन्हे कायदाच जन्माला घालतो. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता तोवर आमच्या किनाऱ्यावर सोन्याचांदीच्या लँडिंगच्या, म्हणजे चोरटा माल उतरवण्याच्या गोष्टी घरोघरी होत्या. १९९० ला कायदा गेला, पुढे आयात खुली झाली आणि तो धंदा मोडला. माणसं काही रातोरात सज्जन झाली नाहीत, फक्त नफा गेला. गोवा दारूचं पण तेच, करातला फरक ठेवायचा आणि मग पोरं ट्रिपा मारतात म्हणून रडायचं.

कुडाळकर
तुमच्याच तालुक्यातलं पुढचं का नाही सांगत? ज्या वाटेने चांदी उतरायची त्याच वाटेने १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. कस्टमचे अधिकारी शिक्षा होऊन आत गेले, कारण पैसे घेऊन डोळेझाक करायची सवय आधीच लागली होती. पेटीत काय आहे हे विचारायचं नाही हा रिवाज गावाने, खात्याने सगळ्यांनी मिळून पाडलेला. कर कमी करा ना, माझी हरकत नाही. पण "फक्त चांदी आहे", "फक्त दारू आहे" असं म्हणत जी वाट आपण मोकळी ठेवतो त्या वाटेने उद्या काय येईल यावर आपला ताबा नसतो. दारूच्या मागोमाग गांजा आलाच आहे की.

लालबागची सून
हे मात्र पटलं.

वेळासचा पाहुणा
लोकांची नजर बदलते हे मी बघितलंय. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या वेळासला पूर्वी कासवाची अंडी सर्रास उकरून न्यायचे. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्याने तीस वर्षं काही थांबलं नाही. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, मग पिल्लं बघायला पाहुणे येऊ लागले, घराघरात जेवणाचे पैसे आले. आता कोणी अंडं उचललं तर पोलिसांच्या आधी गावच विचारेल.

कोर्टकचेरी
पैसे आले हे विसरू नका. नुसत्या लाजेवर ते टिकलं नसतं.

रापणकर आचरा
मग समुद्रात पण तसंच करा. जी बोट लाईटसकट सापडेल तिचा डिझेल परतावा, म्हणजे डिझेलवरचा जो कर सरकार परत देतं तो, मच्छीमार सोसायटीने आणि मत्स्य खात्याने मिळून तीन वर्षं बंद करायचा. केस कोर्टात चालू दे किती वर्षं चालायची ती. परतावा गेला की हिशोबच बसत नाही, आणि बंदरात सगळ्यांना कळतं कोणाचा गेला.

मिरकरवाडा
आणि माझ्या नेपाळी खलाशांचं काय? बोट बंद पडली की पहिलं उपाशी तेच बसतात, लाईट लावायचा निर्णय त्यांनी घेतलेला नसतो. मालकाला दुसरी बोट असते. परतावा तोडायचा तर मालकाच्या सगळ्या बोटींचा तोडा, फक्त सापडलेल्या बोटीचा नको. आणि आधी मलपीवाल्यांना पकडून दाखवा, मग मी स्वतः सोसायटीत ठराव मांडतो.