ग्रॅनाइट कापताना कोपरे उडतायत, आणि धुळीचं तर विचारूच नका

कुपवाडचा_नवखा:
नमस्कार मंडळी. कुपवाडला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलंय, किचन ओटा, देवघराची फरशी, तुळशी वृंदावनाचे कट्टे असली कामं करतो. माल कडाप्पा आणि ग्रॅनाइट. चार इंची ग्राइंडरवर कोरडंच कापतो, तोंडाला रुमाल. आता खांबाजवळचा एल कट मारला की आतल्या कोपऱ्यातनं चीर जातीय, परवा एक अख्खा पीस गेला, पैसे माझ्या खिशातनं. गोलाई तर जमतच नाही. आणि धूळ एवढी की शेजारचा लेथवाला रोज भांडतोय, पंखा लावला तर सगळी त्याच्याच मशीनवर जाती. पाणी मारून काप म्हणतात सगळे पण करंटची भीती वाटती. काय करू?

मिरजेचा_मिस्त्री:
एल कटला आधी आतल्या कोपऱ्यात ६-८ मिमीचं भोक पाड, डायमंड बिटनं, पाणी सोडत. मग दोन्ही बाजूचे कट त्या भोकापर्यंतच आण, पुढं नको. टोकदार कोपरा ठेवला की चीर तिथनंच सुरू होती, भोकाची गोलाई ताण वाटून घेती. मार्किंगवर मास्किंग टेप लाव, पहिली फेरी दोन-तीन मिमीच खोल, मग हळूहळू खाली. फरशीखाली दोन्हीकडं पट्ट्या हव्यात, कापला जाणारा तुकडा लोंबकळला की शेवटचा इंचभर कापायच्या आधीच तो मोडून कोपरा घेऊन जातो.
गोलाईसाठी चकती वळवू नकोस बाबा. ती सरळच चालती, कटमधी वाकडी केली की अडकती आणि मशीन हातावर झटका मारतं. रेषेपर्यंत कंगव्यासारखे जवळजवळ चरे मार, मधले दात हलक्या हातोडीनं पाड, मग घासून रेषेवर आण. पॉलिश ५० नंबरच्या पॅडपासनं चढत्या क्रमानं, मधला नंबर गाळला की ओरखडे शेवटपर्यंत दिसतात.

कराडचा_गडी:
एवढं काय लागत नाय. पंचवीस वर्षं रुमालावर काढली, काय झालं नाय. खोल कापायचं असलं तर गार्ड काढायचं आणि पाच इंची चकती टाकायची, भारी काम.

वाई_वायरमन:
@कराडचा_गडी दादा, राग मानू नका पण पोराला हे सांगू नका. चार इंची मशीन मिनिटाला ११-१३ हजार फेरे मारतं, पाच इंची चकतीवर लिहिलेली हद्द कमी असू शकती, आणि ती फुटली तर तुकडा अडवायला गार्ड पण नाही. आणि रुमालाचं म्हणाल तर माझे मामा दगडाच्या कारखान्यात होते, ते पण काय झालं नाय असंच म्हणायचे, आता जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की बसतात. एक्स-रेमधी सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, निघाला. ग्रॅनाइटमधी क्वार्ट्झ भरपूर असतं, त्याची डोळ्याला न दिसणारी धूळ फुफ्फुसात बसती, त्रास बऱ्याच वर्षांनी दिसतो आणि झालेला परत बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्झचे स्लॅब त्याहून वाईट, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर क्वार्ट्झ. कडाप्पा चुनखडक आहे, त्रास तुलनेनं कमी, पण रुमाल त्यालाही पुरत नाही.
@नवखा, पाणी हवंच. पण साध्या ग्राइंडरवर बाटलीनं ओतत बसू नकोस, पाण्याची नळी जोडायची सोय असलेला मार्बल कटर घे. बोर्डात ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसव, अर्थिंग तपासून घे, टेस्टचं बटन अधनंमधनं दाबून बघ. सॉकेट उंचावर, वायरचा जोड चिखलात नको, पायात गमबूट. वर एन९५ तरी घाल, तोही दाढीवर नीट बसत नाही. डोळ्यावर गॉगल, कानाला प्लग, आणि गळ्यात गमछा नको.

कुपवाडचा_नवखा:
कळलं. ईएलसीबी उद्याच बघतो, दाढी पण काढतो. तो पांढरा चिखल मात्र कुठं टाकू? गटारात सोडला तर लेथवाला परत येणार.

मिरजेचा_मिस्त्री:
गटारात नको, थिजून पाइप बंद होतो. ड्रमात साठव, गाळ खाली बसला की वरचं पाणी परत मशीनला वापर. गाळ ओला असतानाच पोत्यात भरून भरावाच्या कामाला दे. गाळ सुकू दिलास आणि झाडू मारलास की परत तीच धूळ हवेत. हवेच्या पाइपनं कपडे झटकू नकोस, आणि ते कपडे घालून घरी जाऊ नकोस.

कराडचा_गडी:
ईएलसीबी कितीला पडतो रे वायरमन?