मदत हवी आहे: नवा राऊटर लावल्यापासून यूट्यूब चालतं, पण बँकेची साइट उघडत नाही

मंडळी, राऊटरमधलं कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला.

चिपळूणजवळ गावच्या घरी केबलवाल्याचं फायबर आहे. विजांच्या कडकडाटात जुना राऊटर गेला, म्हणून नवा ड्युअल बँड आणला. सेटिंग दुकानातल्या मुलाने करून दिलं. तेव्हापासून यूट्यूब झकास, गूगलवर शोधही होतो, पण बाबांच्या बँकेची साइट उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं आणि शेवटी पान कोरं. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज लगेच जातो, फोटो अडकतो. ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं, पण आतलं काही उघडत नाही. त्याच लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट दिला की सगळं सुरळीत.

केबलवाल्याचं म्हणणं, "लाईन ओके आहे, तुमचा राऊटर बघा." फायबरच्या डब्यावर पॉनचा (लाईन जोडलेली असल्याचा) दिवा हिरवा स्थिर, एलओएस (सिग्नल तुटल्याचा दिवा) बंद. डबा ब्रिज मोडवर आहे, म्हणजे सिग्नल नुसता पुढे देतो, डायलिंग राऊटरच करतो. १९२.१६८.०.१ वर राऊटरच्या सेटिंगमध्ये गेलो तर असं दिसतं:

कनेक्शनचा प्रकार: पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन लाईन जोडायची पद्धत), कनेक्टेड
वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता): १०० ने सुरू होणारा
एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाची कमाल मर्यादा, बाईटमध्ये): १५००
डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा): आपोआप

डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकला, काही फरक नाही. फॅक्टरी रीसेट करायचं धाडस होत नाही, कारण पीपीपीओईचा पासवर्ड केबलवाल्याकडे आणि तो फोन उचलेल तेव्हा खरा. अजून काय बघू?

प्रतिसाद १
रीसेट अजिबात करू नका. डीएनएसचा दोष असता तर साइटचा पत्ताच सापडला नसता. तुमच्याकडे पत्ता सापडतोय, माल पोचत नाही. एमटीयूचा तो १५०० चा आकडा बघा. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाईट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःच्या शिक्क्यासाठी घेतं. उरले १४९२. राऊटर मात्र समोरच्याला १५०० चीच पाकिटं पाठवायला सांगतोय. मोठं पाकीट वाटेत अडलं की 'लहान पाठव' असा निरोप मागे जायला हवा, पण पुष्कळ ठिकाणी फायरवॉल तो निरोपच गिळतो. बँका आणि ऑफिसं यात आघाडीवर. यूट्यूब ब्राउझरमध्ये बहुधा क्विक नावाच्या वेगळ्या पद्धतीने चालतं, त्याची पाकिटं मुळातच लहान असतात, म्हणून ते सुटतं.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग १.१.१.१ -एफ -एल १४७२ द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). उत्तर आलं नाही तर १४६४ करून बघा. या आकड्यात हेडरचे २८ मिळवायचे, म्हणजे १४६४ चालला की एमटीयू १४९२.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. एमटीयूचा रकाना बऱ्याच राऊटरांत वॅनच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबल्यावर दिसतो. १४९२ टाका, सेव्ह करा आणि कनेक्शन तोडून पुन्हा जोडा. नुसतं सेव्ह करून पुष्कळदा फरक पडत नाही. तरीही अडलं तर १४८०, मग १४५२. त्याच्या खाली उगाच जाऊ नका, वेगावर थोडा परिणाम होतो.

धागाकर्ता
१४७२ ला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', १४६४ ला लगेच उत्तर. १४९२ टाकून पुन्हा जोडलं. बँक उघडली, बाबांनी आधी पेन्शन जमा झाली का ते पाहिलं. व्हीपीएनही चालू. दोघांचेही आभार!

आता एक उपप्रश्न. अंगणातला कॅमेरा पुण्याहून थेट बघायचा आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवायचं राऊटरमधलं सेटिंग) केलं, पण बाहेरून जोडला जात नाही. हेही एमटीयूचंच का?

प्रतिसाद १
नाही, हे वेगळं. तुमच्या वॅन आयपीत १०० च्या पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर केबलवाल्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. तिथे तुमच्या राऊटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगला काही अर्थ नाही, कारण बाहेरचा दरवाजा त्याच्याकडे आहे. त्याला स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा, बहुतेक वेळा वेगळे पैसे पडतात. नाहीतर कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा. त्यात कॅमेराच आतून सर्व्हरशी जोडणी करतो, पोर्ट उघडावा लागत नाही. आणि हो, कॅमेऱ्याचा आधीपासून असलेला पासवर्ड आजच बदला.

धागाकर्ता
पुढचा आकडा ७२ निघाला. स्टॅटिकचा दर विचारायला केबलवाल्याला फोन लावलाय, अजून वाजतोय.