नायट्रसची टाकी उन्हात तापते, ओ-रिंगला फोड येतात – मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सोलापूरचे अभियांत्रिकीचे पाच विद्यार्थी हायब्रिड रॉकेटची मोटर करतोय. इंधन एचटीपीबी (एक घन रबर), ऑक्सिडायझर, म्हणजे ते जाळायला ऑक्सिजन पुरवणारा, नायट्रस ऑक्साइड. सध्या फक्त जमिनीवर बांधून चाचण्या. टाकी अॅल्युमिनियमची, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला पाणी भरून तपासलेली. दोन्ही झाकणांना गळती रोखायला नायट्राइल रबराच्या गोल कड्या, म्हणजे ओ-रिंगा, कडकपणा 70 शोअर.

अडचण उन्हाची. 20 अंशांना टाकीत साधारण 50 बार दाब असतो, 30 ला 63 होतो आणि 36.4 अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये सावलीतसुद्धा पारा चाळिशी गाठतो. थंड देशांतली मंडळी टाकीला गरम पट्टे गुंडाळतात, त्यामुळे त्यांच्या नोंदींचा आम्हाला इथे फारसा उपयोग होत नाही.

गेल्या रविवारी भरायला साडेअकरा वाजले. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) 34 वर, दाबाचा काटा 68 बारच्या पुढे. चाचणी सोडली आणि लांबूनच व्हेंट (वायू बाहेर सोडायची झडप) पूर्ण उघडला. पांढरा ढग उठला, टाकीच्या खालच्या अंगाला हिम धरलं आणि शेवटी खालच्या झाकणातून फसफस ऐकू आली. दोन तासांनी उघडलं तर ओ-रिंग एवढी फुगलेली की खाचेत परत बसेना. एका जागी साबुदाण्याएवढा फोड, फुटलेला.

ती थंडीने आखडली की नायट्रस मुरल्याने गेली? दुकानदार वायटन हे दुसरं रबर सुचवतोय, घ्यावं का? टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं चालेल का? 2007 मध्ये अमेरिकेत मोहावीच्या वाळवंटात, मोटर न पेटवता नुसत्या नायट्रसच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना तीन जण दगावले होते. म्हणून अंदाजाने काही करायचं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
फोड आहेत म्हणजे नायट्रस मुरलेला. दाबाखाली तो रबरात शिरतो. दाब झटकन उतरला की बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि रबर आतून फाटतं. शेवटची फसफस थंडीची असू शकेल, पण थंडीने आखडलेली रिंग ऊब मिळाली की पूर्ववत होते, तिला फोड येत नाहीत. वायटन नको. नायट्रसमध्ये तेही फुगतं आणि थंडीत नायट्राइलच्या आधी आखडतं. 90 शोअरचं नायट्राइल घ्या, कमी दाबाच्या बाजूला ओ-रिंगला आधार देणारी टेफ्लॉनची बॅकअप रिंग बसवा. टाकी रिकामी करायला बारीक भोकाचा वेगळा व्हेंट ठेवा, म्हणजे दाब सावकाश उतरेल. एकदा नायट्रस लागलेली रिंग पुन्हा वापरू नका, दिसायला चांगली असली तरी. आणि साधं ग्रीस अजिबात लावू नका, नायट्रसमध्ये ते इंधनच आहे.

गोणपाटाचं पाणी वाळलं की तेही पेट घेऊ शकतं, आणि भरलेल्या टाकीजवळ ते काढायला कोणी तरी जाणार. तो माणूस मला तिथे नको आहे. त्यापेक्षा नायट्रसचा सिलिंडर आणि टाकी रात्रभर सावलीत ठेवा, वर पांढरं छत बांधा, सातच्या आत भरा. 28 अंशांच्या वर गेलं की त्या दिवशी चाचणी नाही, हे आधीच ठरवून टाका. बर्फाने फार गारही करू नका. शून्याला दाब 31 बारवर येतो. मग इंजेक्टरच्या (नायट्रस मोटरमध्ये सोडणाऱ्या भोकांच्या) दोन बाजूंच्या दाबातला फरक कमी पडतो आणि ज्वलनाचे हेलकावे टाकीकडे उलटे चढू शकतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. जुन्या सगळ्या रिंगा आजच काढून टाकल्या. बॅकअप रिंगसाठी खाच रुंद करायला झाकण पुन्हा लेथवर न्यावं लागेल. खाचेची भिंत 3 मिलिमीटर उरते. 63 बारला ती पुरेल का, की नवीनच झाकण करू?