गणपतीनंतर अलास्का हायवे आणि युकॉन, गाडीनं. उशीर होतोय का?

हळदबाजार_सांगली:
मंडळी नमस्कार. धाकटा भाऊ कॅनडात एडमंटनला असतोय, कधीपासून ये ये म्हणून मागं लागलाय, यंदा जायचं पक्कं केलंय. मी, बायको आणि आमचे अण्णा, वय ६९, शुगर आहे पण गोळ्यांवर, बाकी खडखडीत. आता अडचण अशी की यंदा गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला, आणि आमच्यात गौरी असतात त्यामुळं गौरी गेल्याशिवाय घर सोडता येत नाही. म्हणजे २१ च्या आसपास मुंबईहून विमान, २४ ला भावाची एसयूव्ही घेऊन एडमंटनहून निघायचं आणि घटस्थापनेच्या आत, १० ऑक्टोबरपर्यंत परत.

भावानं आणि मी मॅपवर बसून रूट काढलाय तो असा. एडमंटन ते डॉसन क्रीक, तिथून अलास्का हायवेनं युकॉनमधलं, म्हणजे कॅनडाच्या वायव्य टोकाकडचं व्हाइटहॉर्स, मग डॉसन सिटी, मग डेम्पस्टर हायवेनं पार वर टुक्टोयाक्टुकपर्यंत म्हणजे आर्क्टिक समुद्राला हात लावायचा, परत डॉसन सिटी, तिथून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेनं अलास्कात, फेअरबँक्स, अँकरेज आणि मागारी. पावणेनऊ हजार किमीच्या आसपास होतंय. रोजचे पाचशे. पाचशे म्हणजे आपण सांगली-पुणे-सांगली एका दिवसात करतोय की, मग काय अवघड? तिथं तर ट्रॅफिक पण नाही. फॉल कलर आणि अरोरा, म्हणजे रात्री आकाशात दिसतो तो रंगीत उजेड, दोन्ही बघायचंय. कोण गेलंय का? स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

कंदीपेढा_सातारा:
झाडं पिवळी बघायला एवढे पैसे? सप्टेंबरात कास फुललेलं असतंय, ऑनलाइन बुकिंग करा, दुपारी घरी जेवायला परत 😄 बाकी प्लॅन भारी आहे, फोटो टाका.

मिरज_टू_कॅल्गरी:
मूळचा मिरजेचा, इकडं बरीच वर्षं झाली. स्पष्ट सांग म्हणालास म्हणून सांगतो, तुम्ही दोघांनी किलोमीटर मोजलेत, तारखा बघितल्या नाहीत. वर उत्तरेत सगळा हिशोब तारखांचा.

तिथला हंगाम वरून खाली मिटत येतो. डेम्पस्टरच्या सुरुवातीला ७० किमीवर टूम्बस्टोन पार्क आहे, फोटोत दिसतो तो लालभडक टुंड्रा तिथला, तो ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. व्हाइटहॉर्सच्या आसपासची पिवळी झाडं सप्टेंबरच्या मध्याला. तू २८ ला व्हाइटहॉर्सला पोचणार, म्हणजे डेम्पस्टरवर तोवर पानं गळून बर्फ भुरभुरायला लागलेला. टॉप ऑफ द वर्ल्डवरचं बॉर्डरचं ठाणं सप्टेंबरच्या उत्तरार्धात बंद होतं ते एकदम मे मध्ये उघडतं, त्यामुळं तो रस्ता तुझ्या तारखांना धरूच नको. आणि अलास्कात जायचं तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो, कॅनडाच्या व्हिसावर सोडत नाहीत, तो काढलाय का?

आता टुक्टोयाक्टुक. डेम्पस्टर म्हणजे इनुविकपर्यंत ७३६ किमी खडीचा रस्ता, पुढं समुद्रापर्यंतचा अजून १४० च्या आसपास, तो २०१७ ला चालू झाला. मधे पील आणि मॅकेंझी या दोन नद्या, दोन्हीवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या. पण ऑक्टोबरात पाणी गोठायला लागलं की बोट बाहेर काढतात आणि बर्फ गाडी पेलण्याएवढा जाड होईपर्यंत काही आठवडे ना बोट ना रस्ता. त्या दिवसात पलीकडं राहिलास तर गाडी इनुविकला सोडून विमानानं परत यायचं, मग घटस्थापना सोड, दिवाळीला सुद्धा गाडी तिथंच.

आणि रोजचे पाचशे हे सांगली-पुणे नाही. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा टप्पा बरोबर पाचशेचा आहे, डोंगराचा आहे, आणि मधे गाव असं नाहीच, चार-दोन लॉज. त्यातले काही हंगाम संपला की कुलूप लावून जातात, पंपासकट. म्हणून तिथं टाकी अर्ध्यावर आली की भरायची, भाव बघायचा नाही.

पाटणचा_स्टेअरिंगवाला:
मी ट्रकवर आयुष्य काढलं, कॅनडा काय बघितलं नाही पण मनाली-लेह लाइन मारलीय. टांडीच्या पंपावर पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. ती वाचून भलेभले कॅन शोधत फिरायचे. ह्या डेम्पस्टरवर पंपाचं काय?

बाकी टायरचं सांगतो, खडीच्या रस्त्यावर टायर फुटत नाही, कापला जातो, ते पण बगलेतून, आणि बगल कापली की पंक्चरवाला काय करणार नाही. फुल साइजची स्टेपनी पाहिजे, ती बारकी डोनट स्टेपनी नको. निघायच्या आधी जॅक आणि पाना एकदा दारात लावून बघा, भावाच्या गाडीचा नट कधी खोललाय का कुणी? समोरून ट्रक आला की स्पीड कमी करून कडंला घ्यायचं, काच त्याच्या खड्यानंच जाते.

मिरज_टू_कॅल्गरी:
काका नमस्कार, तुमची पाटी इथं तंतोतंत लागू पडतीय. डेम्पस्टरवर पहिला पंप ईगल प्लेन्सला, ३६९ किमीवर. आणि टायरचं शंभर टक्के खरं, तिथली खडी पाटीच्या दगडाची, धारदार, लोक दोन-दोन स्टेपन्या घेऊन जातात.

हळदबाजार, अजून एक. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबरपासून बहुतेक हायवेवर विंटर टायर सक्तीचे आहेत, अलास्का हायवे पण त्यात येतो. अल्बर्टात, म्हणजे एडमंटनच्या प्रांतात, सक्ती नाही त्यामुळं तुझ्या भावाला कदाचित माहीत नसेल. त्याला विचार की टायरवर एम प्लस एस किंवा डोंगर-बर्फाचं चिन्ह आहे का आणि नक्षी निदान साडेतीन मिलिमीटर शिल्लक आहे का.

विटेकर:
विषय सोडून एक. डॉसन सिटी म्हणजे तीच ना, १८९६ ला क्लोन्डाइकच्या ओढ्यात सोनं घावलं आणि जगभरची माणसं पळत सुटली ती? तिथं आमचा एक पण गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, नाही हे मनाला पटत नाही. शोधा, एखादं दुकान असणारच.
आत्ता बघितलं, आख्ख्या युकॉनची लोकसंख्या २०२१ ला चाळीस हजार. महाराष्ट्राच्या दीडपट जागा आणि आमच्या विट्यापेक्षा कमी माणसं. गलाईवाला का नाही ते कळलं.

हळदबाजार_सांगली:
सगळ्यांचे आभार, भावाला सगळं वाचून दाखवलं, तो गप्पच बसला. टायर चेक करतो म्हणालाय. अमेरिकेचा व्हिसा नाही, ते काय आता होत नाही. म्हणजे अलास्का कट, समुद्र पण कट. मग उरलं काय? का सरळ पुढच्या वर्षी जावं, पुढच्या वर्षी गणपती ४ सप्टेंबरला आहेत. चुलतभाऊ म्हणतोय यंदा गौरी-गणपती मी बघतो तुम्ही ऑगस्टातच जावा, पण आई गेल्यापासून गौरी बायको करते, ती ऐकायला तयार नाही आणि मला पण ते बरं वाटत नाही.

कराडची_ताई:
दादा वहिनींचं बरोबर आहे, गौरी सोडून जाऊ नका, रस्ता कुठं पळून जातोय. अण्णांचं सांगते कारण आमच्या सासऱ्यांना नेलं होतं कॅनडाला. गोळ्या मूळ स्ट्रिपमधेच न्या, डबीत काढून नको, आणि डॉक्टरांकडून इंग्लिशमधे चिठ्ठी. जेवढे दिवस त्याच्यापेक्षा पंधरा दिवसाच्या जादा, अर्ध्या हातातल्या बॅगेत अर्ध्या सामानात. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना शुगर आधीपासून आहे हे लिहा आणि ते धरून पॉलिसी आहे का ते वाचा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, आमच्यात त्यावरून नंतर लई डोकेदुखी झाली.

खायचं म्हणाल तर भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कोरडी धपाटी. विमानतळावर फॉर्ममधे खाण्याचं सामान आहे म्हणून खरं सांगायचं, सांगितलं की सोडतात, लपवलं की दंड. कंदी पेढे वगैरे दुधाचं शक्यतो नको, निष्कारण वाद. आणि छोटा राइस कुकर न्या, मोटेलात वीज असतीच, अण्णांना रात्री मऊ भात मिळाला की ट्रिप निम्मी जिंकली.

मिरज_टू_कॅल्गरी:
ताईंनी सांगितलं ते छापून ठेव. हॉस्पिटल फोर्ट नेल्सनला आहे, वॉटसन लेकला आहे, मोठं व्हाइटहॉर्सला. मधे काही नाही, म्हणून अण्णांना बरं वाटत नसलं तर गावातच थांबायचं, पुढं बघू म्हणून निघायचं नाही.

उरलं काय विचारतोस, चांगलंच उरलंय. माझ्या मते यंदाच जा, फक्त वरचा भाग सोड. एडमंटन, डॉसन क्रीक, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, तिथून क्लुआनी लेकपर्यंत जाऊन परत, आणि येताना त्याच रस्त्यानं न येता वॉटसन लेकच्या अलीकडून कॅसियार हायवेनं खाली उतरायचं, प्रिन्स जॉर्ज, जॅस्पर, एडमंटन. पाच हजारात बसतंय आणि खाली येशील तसा रंग परत भेटत जाईल, कॅसियारच्या खालच्या अंगाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला पण पिवळं असतं. क्लुआनीला माउंट लोगन जवळ आहे, कॅनडातला सगळ्यात उंच, ५,९५९ मीटर, रस्त्यावरून तो दिसत नाही पण पुढच्या रांगा आणि तळं एवढं आहे की तक्रार करणार नाहीस.

लिआर्डला एक रात्र ठेवच. गरम पाण्याचं कुंड आहे, जंगलातलं, फरशी-बिरशी काही नाही, खाली बारीक खडी. पार्किंगपासून दलदलीवरून लाकडी फळ्यांचा रस्ता जातो, फळ्या ओल्या असतात आणि पहाटे त्यावर दहिवर गोठतं, अण्णांचा हात धर. पाणी ४२ पासून ५२ डिग्रीपर्यंत, झऱ्याच्या तोंडाकडं जाशील तसं भाजतं, त्यामुळं लोक हळूहळू सरकत आपापली जागा पकडतात. बाहेर शून्य, डोक्यावर बर्फाळ हवा, आणि गळ्यापर्यंत गरम. अस्वलं असतात म्हणून बेअर स्प्रे जवळ पाहिजे, तो एडमंटनलाच घ्यायचा, विमानात चालत नाही.

लिआर्डच्या पुढं वॉटसन लेकपर्यंत बायसन रस्त्याकडंला कळपानं चरत असतात, चांदोलीचा गवा बघितला असशील तर तसंच धूड, पण इकडं ते डांबरावरच उभे राहतात. काळे असल्यामुळं अंधारात दिव्यात दिसतच नाहीत. म्हणून संध्याकाळी सहानंतर गाडी चालवायची नाही, हा नियमच कर. दिवस तिथं रोज पाच मिनिटांनी आखडतो आणि सकाळी आठशिवाय उजाडत नाही, म्हणजे गाडीचे तास मोजकेच. दिवसा पण हेडलाइट चालू. क्लुआनीच्या पुढं गेलास तर रस्ता लाटालाटांचा लागेल, खालची गोठलेली जमीन विरघळून डांबर खचतं आणि उचलतं, तिथं कडंला बारक्या नारिंगी झेंड्या लावतात, झेंडी दिसली की ब्रेक.

अरोरासाठी भिंतीवरचं कॅलेंडर काढ. अनंत चतुर्दशी २५ ला, पौर्णिमा २६ ला, म्हणजे तू निघतोस तेव्हा चांदणं भरपूर, अरोरा असला तरी फिका. सर्वपित्री अमावस्या १० ऑक्टोबर. त्यामुळं व्हाइटहॉर्सला घाई करून पोचू नको, वाटेत रेंगाळ, २ ते ५ ऑक्टोबर तिकडं असशील असं बसव. चंद्र तोवर अर्ध्यावर येतो आणि रोज अजून उशिरा उगवतो, त्यामुळं आकाश निघतानापेक्षा काळं मिळतं. ढग असले तर इलाज नाही.

हळदबाजार_सांगली:
ह्याला म्हणतात उत्तर! पण पितृपंधरवडा निघाला की तेवढ्यात, आजोबांचा म्हाळ असतोय. अण्णांना विचारलं तर म्हणाले, म्हाळ मी तिथं घालतो, कावळे आहेत का विचार 😂

मिरज_टू_कॅल्गरी:
डोमकावळे आहेत, गलेलठ्ठ, सगळ्या युकॉनभर. अण्णांना सांग, घास शिवायला वाट बघावी लागणार नाही.

कंदीपेढा_सातारा:
मगाशी चेष्टा केली पण आता वाचत बसलोय. हा रस्ता लढाईत केला ना?

मिरज_टू_कॅल्गरी:
हो, १९४२ ला, पर्ल हार्बरनंतर अमेरिकन सैन्यानं, मार्च ते नोव्हेंबर. पहिला रस्ता नुसता चिखल आणि लाकडं होता, पण दोन्ही टोकं जोडली. त्याच वर्षी एका सैनिकाला घरची आठवण आली म्हणून त्यानं वॉटसन लेकला आपल्या गावाची पाटी ठोकली, ती बघून दुसऱ्यानं, आता तिथं पाट्यांचं जंगलच झालंय, हजारोंनी. कुणीही आपल्या गावाची लावू शकतो. हळदबाजार, सांगलीची पाटी रंगवून आण, खिळे-हातोडी भावाकडं असेल.

पाटणचा_स्टेअरिंगवाला:
आठ-नऊ महिन्यात अडीच हजार किलोमीटर. तेवढ्यात आपल्याकडं एक सर्व्हिस रोड होत नाही. पाटी पत्र्याची करा, ऑइल पेंट, प्लायची फुगते.

हळदबाजार_सांगली:
पाटी फायनल. शेवटचं, मोबाइलला रेंज आणि लायसन्स, एवढं सांगा मग त्रास देत नाही.

मिरज_टू_कॅल्गरी:
रेंज गावापुरती, मधे शेकडो किमी शून्य. मॅप आधीच डाउनलोड करा आणि निघताना रोज युकॉनच्या ५११ वर आणि ब्रिटिश कोलंबियाच्या ड्राइव्हबीसी साइटवर रस्त्याची स्थिती बघायची, बर्फ सोड, वणव्यानं पण रस्ते बंद होतात, मे २०२४ ला आख्खं फोर्ट नेल्सन गाव रिकामं केलं होतं. भावाला सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवायचं यंत्र, भाड्यानं घ्यायला सांग. फक्त ते यंत्र चुकून सामानात घालून भारतात आणू नको, आपल्याकडं परवानगीशिवाय चालत नाही, विमानतळावर धरलंय लोकांना.

लायसन्सचं, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ, परिवहनच्या साइटवर अर्ज होतो, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी लागते, एक वर्ष चालतं. मूळ लायसन्स पण बरोबर पाहिजे, नुसत्या परमिटला किंमत नाही. आणि भावाच्या इन्शुरन्स कंपनीला आधी विचारा की तू चालवलेलं चालतं का, ते लेखी घ्या. पहिले दोन दिवस त्यालाच चालवू दे, उजवीकडून चालवायची सवय डॉसन क्रीकपर्यंत शेजारी बसून होते.