२०१४ ची डिझेल स्विफ्ट: सव्वातीन लाख जास्त होतात का?

प्रश्न (जुळे सोलापूर): एमएच १३ क्रमांकाची, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी मालक सव्वातीन लाखांना देत आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खुळखुळ आवाज येतो; मालक म्हणतात, "डिझेल गाडी म्हटल्यावर एवढे चालायचेच." घ्यावी का?

उत्तर (होटगी रस्ता): तो आवाज हलक्यात घेऊ नका. या १२४८ सीसी इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवायला पट्ट्याऐवजी साखळी, म्हणजे टायमिंग चेन असते, आणि ऑइल वेळेवर न बदलल्यास ती सैल पडून शेवटी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. ऑइलचे झाकण काढून पाहा. आत काळा चिकट थर असेल, म्हणजे ऑइल वेळेवर बदललेले नसेल, तर मी ती फुकटही घेणार नाही.

उत्तर (अक्कलकोट रस्ता): फुकट मिळाली तर मला कळवा! खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असल्याने हिची मुदत २०२९ मध्ये संपेल, हे सांगून भाव पाडा. पाहायला जाल तेव्हा मेकॅनिक सोबत न्या आणि मालकांना आधी इंजिन तापवू देऊ नका.

प्रश्नकर्ता: झाकण उघडले, थर होता. मालक लगेच अडीच लाखांवर आले, तेव्हाच मी चहा संपवून निघालो.