मदत हवी आहे: विषय बदलूनही मेल जुन्याच साखळीत जातोय

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नव्या मेलसाठी पत्ते टाकत बसत नाहीत. जुना एखादा मेल उघडायचा, ‘रिप्लाय ऑल’ दाबायचं, विषय-मजकूर पुसून नवा लिहायचा, की झालं. मला जीमेलमध्ये हे मेल वेगवेगळेच दिसतात. खजिनदार काकांच्या थंडरबर्डमध्ये (लॅपटॉपवरचा मेलचा प्रोग्राम) मात्र लिफ्टची कोटेशनं, टाकी सफाईची सूचना, सर्वसाधारण सभेची नोटीस, सगळं ‘एप्रिलचा मेंटेनन्स’ या मेलखाली दडलंय. साखळी मिटलेली असली की वर एप्रिलचाच विषय दिसतो. काका म्हणतात नोटीस मिळालीच नाही, सेक्रेटरी म्हणतात पाठवली. कमिटीत यावरून चांगलीच जुंपली.

काकांच्या लॅपटॉपवर कंट्रोल-यू दाबून नोटिशीचा सोर्स, म्हणजे मेलचा मूळ कच्चा मजकूर, पाहिला. ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ या ओळींत अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ आहे. तीच एप्रिलच्या मेलमध्ये ‘मेसेज-आयडी’पुढे आहे. गोंधळ याचाच का? मग जीमेल त्याला का जुमानत नाही? (काकांना जीमेलवर या म्हणायची सोय नाही.)

प्रतिसाद १:
हो, त्याचाच. प्रत्येक मेलला स्वतःचा मेसेज-आयडी असतो. उत्तर देताना तो ‘इन-रिप्लाय-टू’मध्ये उतरतो, आणि ‘रेफरन्सेस’मध्ये आधीच्या आयडींची यादी वाढत जाते. १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या मानकातही या ओळी आहेत. थंडरबर्ड त्यावरून वंशावळ लावतं. विषय खोडून बाप बदलत नाही. जीमेल विषय बदलला की साखळी तोडतं, १०० च्या वर मेल गेले तरी तोडतं. म्हणजे तुमच्या सेक्रेटरींच्या सवयीवर ते पांघरूण घालतंय, एवढंच. खऱ्या चर्चेत कुणी विषयातलं शुद्धलेखन सुधारलं तर तिचे दोन तुकडे होतात, तेव्हा हाच गुण नडतो. मला थंडरबर्डचंच बरोबर वाटतं.

सेक्रेटरींना सभासदांच्या पत्त्यांचा एक गट करून द्या आणि मेल कोराच उघडायला सांगा. काकांसाठी तूर्त ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘सॉर्ट बाय’, मग ‘अनथ्रेडेड’ (म्हणजे साखळी बंद).

धागाकर्ता:
केलं, नोटीस सापडली! पण आता लिफ्टची खरी चर्चाही सुटी सुटी झाली. तेवढी एकत्र ठेवून फक्त नोटीस बाहेर काढता येईल का?

प्रतिसाद २:
साखळी परत चालू करा आणि ‘सभा’ नावाचा फोल्डर काढून नोटीस तिकडे हलवा. फोल्डरच्या यादीत साखळी त्या फोल्डरपुरतीच लागते, त्यामुळे तिथे ती एकटी दिसेल.